डाव्या पायाची बाही

मी एक जुनी लोकरी बाही आहे. बाही म्हटल्यावर तुम्हाला हात आठवेल. पण मित्रांनो, माझे सगळे आयुष्य एका पायावर गेले. डाव्या पायावर. माझी जोडीदारीण उजव्या पायावर असे. तिचा स्वभाव निवांत होता, कारण तिच्या वाट्याला आलेला पाय शहाणा होता. माझे तसे नव्हते. मी जे सांगणार आहे त्यातली सगळी काळजी माझ्याच बाजूची आहे, आणि खरे सांगायचे तर ती अजून पुरती गेलेली नाही.

माझा जन्म न्यूयॉर्कच्या रिजवूड भागातल्या एका स्वेटरच्या गिरणीत झाला. यंत्राने मला पिकल्या जांभळाच्या रंगाच्या लोकरीत विणले. खाली मनगटापाशी अरुंद, वर दंडापाशी रुंद. माझे धड दुसऱ्या यंत्रावर विणले गेले होते. त्या धडाला मला जोडण्याचे काम एनेइदा कारास्कीयो नावाच्या बाईकडे होते. एक गोल चकती, तिच्या कडेला बारीक सुया, आणि त्या सुयांवर बाहीचा एकेक टाका चढवायचा. एनेइदाबाई पोर्तो रिकोतल्या मायाग्वेसहून आल्या तेव्हापासून हेच करत होत्या. बाही हातात घेतली की मोजपट्टी न लावता ती कोणत्या मापाची ते त्या सांगत.

आमच्या धडाला खांद्यापाशी एक टाका सुटला आणि खालपर्यंत शिडीसारखी उसवण पडली. तो स्वेटर बाद मालाच्या ढिगात गेला. संध्याकाळी एनेइदाबाईंनी देखरेख करणाऱ्या माणसाला विचारले, "बाह्या नेऊ का? धड गेलं म्हणून बाह्यांनी का मरायचं?" त्याने खांदे उडवले. अशा आम्ही दोघी एका पिशवीतून बुशविकला, निकरबॉकर अव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर गेलो.

त्या इमारतीत हिवाळ्यात खोल्या तापवणारे वाफेचे नळ गरम होत नसत. घरमालक येत नसे, फोन उचलत नसे. स्वयंपाकघरात एक पंधरा वर्षांची मुलगी अंगात कोट घालून, भांडी धुण्याच्या बेसिनची कड धरून, एक पाय हवेत धरून उभी होती. ती नील्सा, एनेइदाबाईंची एकुलती एक मुलगी. तिला बॅले शिकण्याची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि थंडीने तिच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. आईने आम्हाला खांद्यापाशी कापले, कडा दुमडून शिवल्या, वरच्या कडेत इलॅस्टिक घातले आणि तिच्या पायांत चढवले.

"आई, हे स्वेटर आहे," नील्सा म्हणाली.

"होतं," आई म्हणाली. "आता चाल बघू."

ती चालली. मग नाचली. त्या दिवसापासून आम्ही तिच्या झालो.

नाचाचा वर्ग मॅनहॅटनमध्ये, एका पियानो दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर भरत असे. शिकवणाऱ्या बाई मिस पेल्टियर माँट्रियालच्या. एके काळी मोठ्या नर्तकी होत्या म्हणे. आता खुब्याच्या दुखण्याने एका बाजूला कलून चालत. त्यांचे नियम कडक. अंगाला चिकटून बसणारा काळा लिओटार्ड, गुलाबी मोजे, केसांचा घट्ट अंबाडा. बाकी काही नाही. वर्ग सुरू होण्याआधी अंग तापेपर्यंत आम्हाला परवानगी. पियानो वाजू लागला की आम्ही भिंतीकडेला. "मला पाय बघायचेत, लोकरीचं दुकान नाही," असे त्या म्हणत. मला त्यांचा राग येई. भिंतीपाशी पडल्या पडल्या मी नील्साच्या उघड्या पोटऱ्यांकडे बघत बसे आणि तिला थंडी वाजत असेल म्हणून झुरत असे. त्या बाई बरोबर होत्या हे मला फार उशिरा कळले.

त्या वेळी असल्या पोटऱ्यांच्या बाह्या दुकानात मिळत नसत. इतर मुली वडिलांचे जुने मोजे पंजापाशी कापून घालत. आम्हाला बघून चौघीजणींनी एनेइदाबाईंकडे मागणी केली. त्यांनी बाद ढिगातून राखाडी, हिरव्या, पिवळ्या बाह्या शोधून दिल्या. मुली त्या मुद्दाम जुनाट होऊ देत. जितकी रफू जास्त तितकी नाचणारी खरी, असा त्यांचा समज. मला तिसऱ्याच महिन्यात घोट्यापाशी एक रफू पडली आणि मी जोडीदारिणीपुढे मिरवू लागले.

मग आली वांडा. नील्साची मावसबहीण, एकवीस वर्षांची. चौदाव्या रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानात विक्रीला उभी राही आणि दर रविवारी दुपारी चर्चच्या तळघरातल्या सभागृहात डिस्को नाचायला जाई. तिथे जोडीने नाचायचा हसल नावाचा नाच चाले. मुलगा मुलीला भिंगरीसारखा फिरवी. वांडाकडे तांब्याच्या नव्या भांड्यासारखा चकाकणारा लिओटार्ड होता आणि त्यावर कमरेला गुंडाळायचा पातळ घागरा. गिरकी घेतली की तो छत्रीसारखा उघडे.

"तू आठ वर्षं ज्यात घाम गाळलास ना," ती नील्साला चिडवी, "ते मी एका रविवारी घालून मिरवते."

नाचवर्गातले कपडे त्या एकदोन वर्षांत असे रस्त्यावर उतरले. कमरेचा घागरा, नाचाच्या पातळ बुटांसारखे सपाट बूट, अंबाड्याला बांधायची फीत, सगळेच. एका रविवारी वांडा आम्हाला उसने घेऊन गेली आणि उंच टाचांच्या चपलांवर चढवले. चपलेचा पट्टा माझ्या कडेत रुतला, पण काय सांगू, सभागृहातल्या सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. पुढच्या हिवाळ्यात वांडाच्या दुकानाच्या काचेत माझ्यासारख्या कितीतरी जणी उभ्या राहिल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या, जरीचा धागा घातलेल्या. भुयारी गाडीत, बँकेत, भाजीच्या दुकानात बायका आम्हाला घालून फिरू लागल्या. मला गर्व झाला. बाद ढिगातली मी, आणि सगळे शहर माझे अनुकरण करत होते.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, नील्साची नडगी दुखू लागली.

ते मला सर्वांत आधी कळले. घोट्याच्या वर चार बोटे, नडगीच्या आतल्या कडेला, एक जागा होती, अंगठ्याच्या नखाएवढी. सकाळी ती इतर पायासारखीच असे. उड्यांचा सराव झाला की तिथून ऊब येई. पोटरीची ऊब मला ओळखीची होती, ती पसरट आणि मवाळ असते. ही तशी नव्हती. ही एका ठिकाणी जळे, विझवायची राहिलेल्या काडीसारखी. पहिले काही दिवस मी स्वतःची समजूत घातली की नाचणाऱ्यांचे पाय दुखतातच. मग ती ऊब दुसऱ्या दिवशी सकाळीही राहू लागली.

नील्सा कोणाला बोलली नाही. एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी शहरातल्या एका मोठ्या नृत्यमंडळाची निवड-चाचणी होती. ते मंडळ शिकाऊ नर्तकी घेताना वयाकडे फार बघे. सतरा वर्षांच्या नील्सासाठी हेच वर्ष, असे सगळे म्हणत. मिस पेल्टियरनी वर्गातून दोघींचीच नावे पाठवली होती, त्यात तिचे होते. एनेइदाबाईंनी ही गोष्ट गिरणीत आपल्या ओळीतल्या सगळ्या बायकांना सांगितली होती. त्या बायका रोज विचारत, किती दिवस राहिले.

नील्साने मला वर ओढले आणि दुखऱ्या जागेवर दुहेरी घडी घातली. आत एक फडके कोंबले. मग तिने मला काढणेच सोडले. घरात, गाडीत, जेवताना, अंथरुणात, मी तिच्या पायावरच. त्या वर्षी नाचवर्गाची खोली तापवणारा बंबही बिघडला होता, त्यामुळे मिस पेल्टियर पहिला अर्धा तास आम्हाला चालवून घेत. मुलाखतीला बसल्यासारखी मी त्या पायावर ताठ बसून असे. आता मला कोणी काढावे असे वाटे, आणि कोणी काढेल अशी धास्तीही वाटे.

आईने एकदा विचारलेच. तुरीचे दाणे घातलेला भात वाढता वाढता म्हणाली, "घरात कशाला ते? आता नळ गरम होतायत की."

"सगळे घालतात, आई. फॅशन आहे."

आईने रस्त्यावर, बसमध्ये, गिरणीच्या दारात सगळ्यांच्या पायांत आम्हाला बघितले होते. तिला ते पटले. मित्रांनो, त्या क्षणी माझा सगळा गर्व गळून पडला. शहरभर मी लोकप्रिय झाले नसते तर एका आईला शंका आली असती.

मार्चच्या शेवटी वांडा हट्टाने तिला रविवारच्या नाचाला घेऊन गेली. "एप्रिलनंतर तू मोठी होशील, आम्हाला ओळखणार नाहीस. आज चल." नील्सा गेली. दोन गाणी बरी गेली. तिसऱ्याला जोडीदाराने तिला फिरवून सोडले आणि ती डाव्या पायावर आली. त्या जागेत काहीतरी सुईसारखे वर गेले. मला वाटले आता ती ओरडणार. ती हसली. सगळ्यांदेखत मोठ्याने हसली आणि हसत हसत लंगडत भिंतीपाशी जाऊन बसली. वांडाने तिच्या पायाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"अगं, हे तापलंय किती."

नील्साने तिच्याकडून कोणाला न सांगण्याची शपथ घेतली. वांडाने ती दिली, आणि घरी जाताना वाटेत एक शब्द बोलली नाही. ती फार बोलणारी मुलगी होती. तिचे ते गप्प राहणे मला आवडले नाही.

चाचणीला नऊ दिवस राहिले होते. त्या गुरुवारी सकाळी वर्गात उड्या चालू होत्या. छोट्या, भराभर घ्यायच्या उड्या, दोन्ही पायांवर एकदम उतरायचे. पियानो वाजवणारे हालमोश नावाचे हंगेरियन गृहस्थ होते, साठीचे. ते मुलींकडे कधीच बघत नसत. पियानोवर सुरांच्या कागदांऐवजी वर्तमानपत्र उघडे ठेवत, बाजूला खसखशीची एक पोळी गुंडाळलेली असे, आणि बोटे आपोआप चालत. त्या दिवशी त्यांची बोटे मध्येच थांबली.

"कुणाचा तरी डावा पाय उशिरा येतोय," ते म्हणाले. मान वर केली नाही.

मिस पेल्टियरनी विचारले, कोणाचा. ते म्हणाले, चौदा जणींत कसे सांगू. तेव्हा बाईंनी मुलींना एकेक करून उडी मारायला लावली. मी भिंतीपाशी पडून मोजत होते. नील्सा सातवी होती. पहिली झाली, दुसरी झाली. नील्साच्या ओठांचा रंग गेला होता. तिची पाळी आली. तिने सोळा उड्या मारल्या, आणि त्या सोळाही सुंदर होत्या. बाईंना काही दिसले नाही. कोणालाच दिसले नाही. हालमोश वर्तमानपत्राचे पान उलटून म्हणाले, "पुढची."

वर्ग सुटल्यावर नील्सा मला पायात चढवत बाकावर बसली होती. हालमोश शेजारी येऊन बसले. तिच्याकडे न बघता, पोळीचा कागद घड्या करत बोलू लागले.

"बुडापेस्टला मी एका मुलीसाठी वाजवत होतो. तिचाही पाय असाच उशिरा येत होता. मला वाटलं, मला काय त्याचं, मी वाजवणारा. एका संध्याकाळी उडीतून उतरली आणि हाड मोडलं. पियानोच्या आवाजातूनही तो आवाज मला ऐकू आला."

नील्सा माझी घडी सारखी करत राहिली.

"सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं नाही. उद्यापर्यंत तू सांग. आईला नाहीतर बाईंना. नाही सांगितलंस तर परवा मी सांगेन, आणि मग तू माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल."

घरी येताना गाडीत ती पूर्ण वेळ उभी होती, उजव्या पायावर भार टाकून. समोर जागा रिकामी होती. मला कळत होते की ती हिशेब करते आहे: हालमोशना टाळून आणखी चार दिवस, आणखी आठ दिवस कसे काढायचे. सांगण्याचा विचार तिच्या मनात नव्हताच. मी नुसती लोकर. मला तोंड असते तर मी त्या गाडीतच ओरडले असते.

घरी कोणी नव्हते. तिने न्हाणीतल्या टबात गार पाणी सोडले, बर्फाचे खडे टाकले आणि पाय सोडून बसली. आम्हा दोघींना तिने आधीच काढून बाहेर स्वयंपाकघरातल्या वाफेच्या नळावर वाळत टाकले होते. त्या दिवशी गिरणीत यंत्र बंद पडले होते, म्हणून एनेइदाबाई दोन तास आधी आल्या. नील्साने त्यांची चाहूल ऐकली आणि न्हाणीचे दार लोटून घेतले. पण आम्ही बाहेर राहिलो.

एनेइदाबाईंनी आम्हाला उचलले. धुवायला टाकावे म्हणून दोघींना एकावर एक ठेवले, जशा त्या गिरणीत जोडी जुळवत तसे. आणि त्यांची बोटे थांबली. त्यांनी मला पसरले, ओढले, पुन्हा तिच्यावर ठेवले. मी घोट्याच्या वर तिच्यापेक्षा दीड बोट जास्त रुंद झाले होते. आतल्या सुजेने आणि फडक्याने माझे टाके ताणले गेले होते, तेही एकाच बाजूला. दोन महिने मी जे सांगू शकत नव्हते ते माझ्या अंगावर उमटले होते, आणि ते वाचता येणारी शहरातली एकमेव बाई माझ्यासमोर उभी होती.

त्यांनी दार उघडले. टबातला बर्फ बघितला, पाय बघितला. आवाज चढवला नाही.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

त्या टबाच्या कडेवर बसल्या. नील्सा भराभर बोलू लागली. फक्त पुढचा शनिवार. त्या दिवसापर्यंत ती उड्या मारणार नाही, मग सरळ दवाखान्यात जाईल, जे सांगतील ते करेल. पुढच्या वर्षी ती अठराची होईल, मग तिला कोण घेणार. आठ वर्षे गेली आहेत. आईचीही गेली आहेत. शेवटी तिने मला आईच्या मांडीवर ठेवले.

"घट्ट करून दे. घट्ट असली की धरून राहते. नऊ दिवस, आई."

मित्रांनो, एनेइदाबाई वाईट आई नव्हत्या. पण त्यांनाही तो शनिवार हवा होता. एका ओळीतल्या अकरा बायकांना त्यांनी सांगून ठेवले होते. मुलीला दिव्यांखाली नाचताना त्यांनी चकतीसमोर बसून मनात हजार वेळा बघितले होते. त्या उठल्या, सुईदोऱ्याचा डबा आणला, सुई ओवली आणि माझी शिवण घट्ट करू लागल्या. एक टाका, दोन टाके. सुई अंगातून जाताना मला कधी भीती वाटली नव्हती. सुईनेच मला घडवले होते. त्या दिवशी प्रत्येक टाक्याला मी आतून आक्रसत होते. सहा टाके झाले.

"घालून बघ," त्या म्हणाल्या.

नील्साने पाय पुसला आणि मला वर ओढले. मी त्या जागेवर आले तेव्हा तिने बेसिनची कड पकडली. तोंडातून हुंकारही काढला नाही. एनेइदाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्या खाली बसल्या आणि माझ्यावरून, लोकरीवरून, अंगठ्याने हलकेच दाबले. पाय असा उडाला की डबा लाथाडला जाऊन रिळे जमिनीवर घरंगळली.

मग आईने मला तिच्या पायातून काढले आणि ते सहा टाके एकेक करून उसवले.

"उद्या मी कामावर जात नाही," ती म्हणाली. "उद्या आपण दवाखान्यात जाऊ."

"मी तुला कधी माफ करणार नाही."

"नको करूस," आई म्हणाली आणि रिळे गोळा करू लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणाचे चित्र दिव्यासमोर धरले. नडगीच्या हाडात एक काळी रेघ होती, एका कडेकडून निघून जवळजवळ दुसरीपर्यंत पोचलेली. त्यांनी विचारले, हिने गेल्या आठवड्यात उड्या मारल्या का. नील्सा म्हणाली, काल सोळा. डॉक्टरीणबाईंनी चित्र खाली ठेवले. मग म्हणाल्या, चाचणीच्या दिवशी ती मंचावरून चालत उतरली नसती, आणि त्यानंतर कशी चालली असती हेही सांगता येत नाही. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातले. तीन महिने.

तो शनिवार आला आणि गेला. वर्गातली दुसरी मुलगी निवडली गेली. नील्सा खिडकीशी बसून राही. आईशी हो आणि नाही यापलीकडे बोलत नसे. वांडाने रडत येऊन कबूल केले की तिला माहीत होते, तेव्हा एनेइदाबाईंनी तिला महिनाभर घरात घेतले नाही. हालमोश एका दुपारी चार मजले चढून आले. दम घ्यायला ते जिन्यात दोनदा बसले होते. एनेइदाबाईंना त्यांचे इंग्रजी कळेना, त्यांना बाईंचे. तरी दोघांनी मिळून खसखशीची पोळी संपवली. निघताना ते नील्साला म्हणाले, "मी तुला एक दिवस दिला. तो द्यायला नको होता. त्या एका दिवसामुळे मला अजून झोप लागत नाही."

प्लास्टर निघाले तेव्हा डावी पोटरी काडीसारखी झाली होती. मी तिच्यावर चढले आणि घसरून घोट्यावर जमा झाले. आईने पुन्हा डबा आणला. नील्सा म्हणाली, राहू दे, पाय भरेल. ते तिचे बरेच दिवसांतले पहिले लांब वाक्य होते.

पाय भरला. मिस पेल्टियरनी तिला तीन आठवडे नुसते खुर्चीवर बसून बघायला लावले, मग सरावात हाताने धरायच्या भिंतीकडच्या दांड्यापाशी उभे केले. पुढच्या वसंतात ती त्याच मोठ्या मंडळाच्या चाचणीला गेली आणि निवडली गेली नाही. कारण कोणी सांगितले नाही. पाय असेल, वय असेल, दोन्ही नसेल. ते कधीच कळणार नाही, आणि आईने ते टाके उसवले नसते तर काय झाले असते हेही. मला तुम्हाला गोड शेवट सांगता आला असता, पण मी तिथे होते.

ती ओहायोतल्या एका लहान मंडळात गेली आणि नऊ वर्षे नाचली. शाळांच्या सभागृहांत, दगडासारख्या कठीण जमिनींवर, कधी चाळीस माणसांसमोर. माझी जोडीदारीण टोलीडो गावात धुलाईच्या यंत्रात राहून गेली. तेव्हापासून मी एकटी. एका हिवाळ्यात एनेइदाबाई बसने अकरा तास प्रवास करून तिचा नाच बघायला आल्या. खेळ संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत आल्या, नील्सा मिठी मारायला पुढे झाली, तर आई आधी खाली वाकली आणि घोट्याच्या वर चार बोटे अंगठा ठेवून दाबले. नील्सा हलली नाही. आईने आणखी जोराने दाबले. मग वर उठून तिला जवळ घेतले. माफीचे शब्द त्या दोघींत माझ्यादेखत कधी निघाले नाहीत.

आता नील्सा स्वतः शिकवते, ब्रूकलिनमध्ये, एका शाळेच्या मागच्या खोलीत. तिची विद्यार्थिनी पायात काहीही घालून येवो, पहिली पाच मिनिटे सगळे काढावे लागते. नील्सा रांगेतून जाते, प्रत्येकीच्या नडगीवर अंगठा ठेवते आणि तोंडाकडे बघते, पायाकडे नाही. मुली कंटाळतात. काही आया तक्रार करतात.

मी तिच्या कपाटात एका खोक्यात असते. कसर लागल्याने वरची कड गेली आहे, इलॅस्टिक तुटले आहे. मागच्या वर्षी एक तरुणी आली होती, डिस्कोच्या काळातले नाचाचे कपडे गोळा करणारी. प्रदर्शन मांडायचे होते. वांडाचा तांब्याच्या रंगाचा लिओटार्ड तिने आनंदाने नेला, घागराही नेला. मला बघून म्हणाली, ही तर त्या काळाची खूणच आहे, काचेच्या पेटीत ठेवू. नील्साने मला तिच्या हातातून घेतले. इतर सगळे न्या म्हणाली, ही नको. का, ते त्या मुलीला सांगितले नाही. मला काचेत जायला आवडले असते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारते. तिथे कसर नसते. पण तिथे लोकांनी माझा रंग बघितला असता, रफू बघितली असती, आणि घोट्यावरचा हा दीड बोटाचा फुगवटा बघून म्हटले असते की जुनी लोकर अशी सैल पडतेच.

मित्रांनो, मी ऊब देण्यासाठी घडले आणि ती मी प्रामाणिकपणे दिली. त्याच उबेखाली एक हाड दोन महिने तडकत गेले, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून एवढीच विनवणी. तुमचे काही दुखत असेल तर माझ्यासारख्या मुक्या वस्तूच्या आड लपवू नका. आम्हाला ते पेलत नाही. आणि तुमच्या शेजारी कोणी उकाड्यातही गुरफटून बसलेले दिसले, रिकामी जागा असून एका पायावर उभे दिसले, तर त्याच्याजवळ जा आणि विचारा. पहिल्यांदा तो माणूस "काही नाही" म्हणेल. तरी तुम्ही तिथून हलू नका.